काळी पाच आणि चोवीस पोर्ट

मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या एका घराच्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. उन्हाळ्यात आतल्या खोल्या गार राहतात त्या भिंतींमुळं, आणि ओसरीवरच्या राउटरची रेंज माजघराच्या पुढं जात नाही तीही त्यांच्यामुळंच. घरात तिघं. कुमुदताई गाणं शिकवतात, मुलगा निखिल पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो आणि सून सायली बांधकामांचे नकाशे काढते.

कुमुदताईंकडं सकाळी गावातल्या मुली येतात. रात्री न्यू जर्सीतली दोन मराठी मुलं लॅपटॉपवर शिकायला बसतात. वायफायवर ही शिकवणी म्हणजे हाल होते. ताईंनी षड्ज लावावा, तो पलीकडं पोचेपर्यंत मधूनच तुटावा आणि मुलांनी तुटलेल्या जागेवरून सूर उचलावा. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथं हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला, तिथल्या बाईला तुटका सूर शिकवायला लागणं जिवावर येई. म्हणून गणपतीच्या सुट्टीत निखिलनं खोल्याखोल्यांतून केबल ओढल्या. तारेवर शिकवणी स्वच्छ चालू लागली. पण राउटरला पोर्ट चारच, आणि तारा झाल्या त्याहून जास्त. घरात स्विच आणायची वेळ आली ती अशी.

स्विच म्हणजे घरातल्या सगळ्या तारा जिथं येऊन जुळतात ती पेटी. पूर्वी तिच्या जागी हब असायचा. एका तारेतून आलेला निरोप तो बाकीच्या सगळ्या तारांत सोडून द्यायचा. ज्याचा असेल त्यानं घ्यावा, इतरांनी टाकावा. स्विचचं काम जास्त शहाणपणाचं. तारेनं जोडलेल्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. कुठला पत्ता कुठल्या पोर्टवरून बोलला हे स्विच ध्यानात ठेवतो आणि त्याचा निरोप त्याच्याच तारेत घालतो. पत्ता ओळखीचा नसला, किंवा निरोपच सगळ्यांसाठी असला, तरच तो सगळीकडं सोडतो. इथरनेटचा असा पहिला स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज मूळचे भारतीय. त्यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. त्या पहिल्या स्विचला पोर्ट होते सात.

निखिलला हे सगळं पाठ. जेवताना तो आईला आणि सायलीला रंगून सांगायचा. त्याला या विद्येचं मनापासून प्रेम, आणि प्रेम असलं की माणसाला त्यातली मोठी गोष्ट हवीशी वाटते. पुण्याला गेला असताना तो एका ओळखीच्या माणसाकडून कार्यालयातून काढलेला जुना स्विच घेऊन आला. २४ पोर्टचा, लोखंडी, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. किंमत नव्याच्या मानानं काहीच नाही. "हा मॅनेज्ड आहे," तो सायलीला म्हणाला. "एका तारेला दुसरीपासून वेगळं काढता येतं, कुठल्या पोर्टवर किती वाहतंय ते दिसतं, कॅमेऱ्याला याच तारेतून वीजसुद्धा देता येते."

"आपल्याकडं कॅमेरा कुठाय?" सायलीनं विचारलं.

"उद्या लावला तर?"

स्विच गाण्याच्या खोलीशेजारच्या कोठीत बसला, कारण सगळ्या तारा तिथं येत होत्या. बटण दाबल्याबरोबर मागचे दोन पंखे पूर्ण वेगानं फिरले, आणि दोन-तीन मिनिटांनी जरा खाली आले. जरा म्हणजे जराच. कार्यालयात अशी यंत्रं बंद खोलीत, लोखंडी घोड्यात एकावर एक बसवलेली असतात. त्यांच्या पेट्या चपट्या, म्हणून पंखे लहान; आणि तिथं आवाजाची पर्वा कुणाला नसते, म्हणून ते अतिवेगवान ठेवतात. हे पंखे चाळीस मिलिमीटरचे. लहान पंख्याला पुरेशी हवा ओढायची तर वेगानंच फिरावं लागतं.

पहिले दोन दिवस निखिल म्हणत राहिला, "सवय होईल." झालीही. त्याला, सायलीला आणि दूध घालायला येणाऱ्या मामांनाही. दिवसरात्र चालणारा आवाज ऐकणं आपण सोडून देतो. तो आवाज तेवढ्यानं बंद होत नाही, पण हे लक्षात यायला ज्याचा कान उघडा आहे असं कुणीतरी घरात असावं लागतं. कुमुदताई काही बोलल्या नाहीत. रियाज मात्र त्या पहाटे कोठीचं दार लावून, वर चादर अडकवून करू लागल्या.

महिन्याभरानं सतारमेकर गल्लीतले चाचा तंबोऱ्याची जवारी काढायला आले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरांच्या घरातले. ते मांडी घालून बसले, घोडीवर तार सरकवली, तारेखाली दोरा घातला, पुन्हा छेडली. दोरा केसभर मागं घेतला. ऐकलं. परत पुढं केला. असं बराच वेळ चाललं. चाचांचा हात कधी इतका रेंगाळत नाही.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "जवारी बसलीय. तार सरळ आहे. तरी गंधार हलतोय."

तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. पण खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला म्हणजे तंबोरा लागला, असं गाणारे मानतात. चाचांनी तंबोरा हातानं थांबवला, मान वळवली आणि उठून आवाजाच्या मागं कोठीपर्यंत गेले. तिथं २४ पोर्टची पेटी हिरवे दिवे लुकलुकवत बसली होती.

सायलीनं तेव्हाच फोनवरचा ट्यूनर उघडून पंख्याजवळ धरला. आकडा आला ११६७. तिनं कागदावर मांडून पाहिलं. पंख्याला सात पाती; मिनिटाला दहा हजार फेरे धरले तर सेकंदाला हवेवर पडणाऱ्या थापा तेवढ्याच भरतात. कुमुदताईंची पट्टी काळी पाच, म्हणजे षड्ज २३३ कंपनांचा. त्याची पाचपट ११६५. खर्जातून उमटणाऱ्या गंधाराचंच वरचं रूप ते. दोन सूर इतके जवळ येऊन वेगळे राहिले की कानाला ऐकू येणारा आवाज एकसारखा राहत नाही, तो वाढतो, कमी होतो, परत वाढतो. चाचांचा हलणारा गंधार तो हाच. आणि दुपारी कोठी तापली की पंख्यांचा वेग बदलायचा, म्हणजे हा बिघाडही एका जागी स्थिर नव्हता.

"आई, एवढे दिवस तुम्ही बोलला का नाहीत?" सायलीनं विचारलं.

"हौसेनं आणलंय त्यानं," कुमुदताई म्हणाल्या. "आणि मुलांची शिकवणी चांगली चाललीय तारेवर. ती त्याच्यामुळंच ना."

निखिल ओशाळला, आणि थोडा हट्टालाही पेटला. "चाचा, ऑफिसात शंभर माणसांचं काम ओढलंय यानं."

चाचा परत तंबोऱ्यापाशी बसले होते. "बाळ, आमच्याकडं पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं भोपळे येतात. नवीन गिऱ्हाईक आलं की म्हणतं, सगळ्यात मोठा भोपळा दाखवा. मी विचारतो, गाणार कोण? मर्दानी आवाजाचा भोपळा वेगळा, बायकांच्या पट्टीचा वेगळा. मोठा भोपळा वाईट नसतो. पण तुमच्या आईच्या काळी पाचला मी तो लावणार नाही."

निखिलनं ऐकलं, पण मोठी पेटी सोडायला त्याचं मन तयार होईना. आवाजच नको ना, मग आवाज बंद करू, असं त्यानं ठरवलं. स्विच सागवानी कपाटात घातला आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली. तासाभरात आतली हवा तापली, स्विचमधल्या सेन्सरनं पंख्यांचा वेग वाढवला, आणि गंधारापाशी असलेला तो सूर वर सरकत मध्यमाच्या जवळ जाऊन पोचला. कोंडल्यानं आवाज दबला थोडा, पण पंख्यांचं काम वाढलं. मग त्यानं मूळचे पंखे काढून शांत, संथ पंखे बसवले. अशा पंख्याला दोन तारांखेरीज आणखी एक तार असते, ती किती फेरे झाले ते कळवते. फेरे कमी दिसल्यावर स्विचला वाटलं पंखा मेला. पिवळा दिवा लागला. आणि एप्रिलमधल्या एका रात्री, अहिरभैरवाची ओळख चालू असताना, तापमान मर्यादेबाहेर गेलं म्हणून तो स्वतःहून बंद पडला. न्यू जर्सीतली मुलं पडद्यावरून नाहीशी झाली.

इथं मला यंत्राला दोष द्यावासा वाटत नाही. ज्या कामासाठी ते घडवलं होतं ते त्यानं चोख केलं. पंखा थांबलाय असं दिसल्यावर सावध करणं, तापल्यावर स्वतःला वाचवणं, हे त्याचे गुणच. त्याला ज्या घरात आणून ठेवलं ते घर त्याचं नव्हतं.

शेजारच्या मुलानं स्वतःकडचा पाच पोर्टचा प्लास्टिकचा स्विच दिला. पंखा नाही, आवाज नाही, तळहातावर मावेल एवढा. कुमुदताईंचा चेहरा खुलला. पण त्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटच. शिकवणीला तेवढा भरपूर होतो. निखिल मात्र आईच्या गुरूंच्या जुन्या कॅसेटींचं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घरातल्या साठवणीच्या डिस्कवर ठेवत होता. ४० जीबीचा एक गठ्ठा गिगाबिटच्या स्विचवरून सहा-सात मिनिटांत जायचा, त्याला इथं तासभर लागला. आणि पोर्टही कमी पडले. शांत आहे एवढ्यावर भागत नव्हतं.

तेव्हा सायलीनं एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या कथेतलं खरं काम तिथं झालं. तिनं वीज मोजायचं छोटं मीटर मोठ्या स्विचच्या प्लगला लावलं. काहीही काम नसताना तो ६२ वॉट खात होता. दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. मग कागद घेऊन ती खोल्याखोल्यांतून फिरली. राउटरकडून येणारी तार, निखिलचं टेबल, तिचं स्वतःचं टेबल, आईंचा लॅपटॉप, टीव्ही, साठवणीची डिस्क आणि माडीवरचा वायफायचा डबा.

"सात," ती म्हणाली. "तुझ्या त्या पहिल्या स्विचला होते तितकेच."

निखिल बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. चोवीसांतले सतरा पोर्ट त्यानं कशासाठी घरात आणले होते, याचं उत्तर त्याच्याकडं होतं. ते आईसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

खरेदीला सांगलीला जायचं ठरलं तेव्हा सायली म्हणाली, "आई, तुम्ही चला." कुमुदताईंना आधी कळेना, त्यांचं तिथं काय काम. दुकानदारालाही कळलं नाही. सायलीनं आठ पोर्टचे तीन स्विच मागवले. तिघांनाही पंखा नव्हता, तिघांच्याही खोक्यावर सगळ्या पोर्टांसाठी १०/१००/१०००, म्हणजे गिगाबिटपर्यंतचा वेग, छापलेला होता. "चालू करून दाखवा," ती म्हणाली.

"यात बघायचं काय मॅडम? दिवे लागतील."

"बघायचं नाही, ऐकायचंय."

रस्त्याच्या गोंगाटात काय ऐकू येणार? दुकानदार भला माणूस होता; त्यानं त्यांना मागच्या गोदामात नेलं आणि तिथला पंखाही बंद केला. पहिला स्विच लावला. कुमुदताईंनी तो कानाशी धरला, मान हलवली, ठीक आहे. मग त्या वाकल्या आणि भिंतीतल्या प्लगला लावलेल्या अडॅप्टरजवळ कान नेला. "हा गातोय," त्या म्हणाल्या. निखिलनं कान लावला, त्याला काही ऐकू आलं नाही. दुकानदाराच्या पोरानं लावला, त्याला आलं. अगदी बारीक, उंच शीळ. अडॅप्टरमधली वेटोळी कधीकधी अशी वाजतात. पेटीला पंखा नाही म्हणजे ती निःशब्द आहे असं त्यामुळं म्हणता येत नाही. दुसऱ्याचा अडॅप्टर गप्प होता, पण तो होता पाच व्होल्टचा. घरी राउटरला जोडलेल्या छोट्या यूपीएसचे फाटे १२ व्होल्टचे. वीज गेल्यावर राउटर चालू आणि स्विच बंद, याला अर्थ नव्हता. आणि कुणी नकळत पाचच्या स्विचला बाराची पिन जोडली असती तर तो कायमचा गेला असता.

तिसरा धातूच्या कवचाचा, वीतभर लांब, १२ व्होल्टचा. कवच धातूचं असलं की आतली उष्णता त्यातूनच बाहेर जाते, पंख्याची गरज उरत नाही. फक्त त्याच्यावर काही ठेवायचं नाही आणि राउटरवर त्याला चढवायचं नाही. कुमुदताईंनी तो कानाशी धरला, मग अडॅप्टर, मग पुन्हा स्विच. डोळे मिटून त्यांनी हलकेच काळी पाचचा षड्ज लावला आणि धरून ठेवला. गोदामातली माणसं उभी राहून ऐकत होती.

"याला काही शिकवावं लागतं का रे?" त्यांनी निखिलला विचारलं.

"नाही आई. तारा लावल्या की स्वतः शिकतो."

"मग हा घे."

दोन हजारांच्या आत काम झालं. घरी मीटर लावलं तर आकडा तीन-चार वॉटच्या मध्ये. महिन्याला अडीच-तीन युनिट. स्विच कोठीच्या भिंतीला खिळ्यावर अडकवला आणि चादर दारावरून उतरली. पुढच्या वेळी चाचा आले तेव्हा त्यांनी पहिल्या दोऱ्यातच जवारी बसवली.

लहान वस्तूला तिच्या मर्यादा असतात, तेही या घरानं पाहिलं. दिवाळीच्या सफाईत कुणीतरी एक तार काढली आणि मोकळं टोक दिसलं म्हणून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. तारेची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली. सगळ्यांसाठी सोडलेला निरोप त्या वेटोळ्यात फिरत राहिला, फिरता फिरता वाढत गेला, आणि पाचेक सेकंदांत अख्खं घर ठप्प. मोठ्या स्विचनं असं वेटोळं ओळखून तो मार्ग स्वतःच बंद केला असता. रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये त्यासाठी शोधलेली रीत मॅनेज्ड स्विचमध्ये असते. या साध्या स्विचमध्ये नव्हती. सगळे दिवे एकदम, एकाच लयीत लुकलुकताना पाहून निखिलनं कारण ओळखलं आणि तार उपटली. सायलीनं त्याच दिवशी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली: आई, टीव्ही, माडी.

मोठा स्विच मूळचे पंखे लावून फडताळात पडून होता. विकला असता तर आले असते थोडे पैसे. पण निखिलनं मिरजेजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचं ऐकलं. तिथं संगणक आले होते, ते जोडायला पुरेसे पोर्ट नव्हते. शनिवारी पेटी मोटारसायकलला बांधून तो गेला. संगणकाच्या तासाचे सर फाटकातच भेटले आणि पेटी पाहून खूश झाले. "चोवीस पोर्ट! आणा, आणा, लगेच लावू."

निखिलनं पेटी खाली उतरवली, पण दोरी सोडली नाही.

"सर, आधी संगणक किती आहेत ते सांगा."

"बावीस."

"आणि वर्गात शिकवताना तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का?"

सरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी वर्ग दाखवला. शेजारी पहिलीचा वर्ग, मुलं पाढे म्हणत होती. निखिल मोटारसायकलपाशी न जाता व्हरांड्यातून पुढं गेला, जिन्याखालची कुलूप लावलेली खोली उघडायला लावली, आत उभं राहून टाळी वाजवली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

"सर, आत कुणाला तरी टाळ्या वाजवायला सांगा," तो म्हणाला. "मी पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो."